फाइल कधीच जात नाही

संगणकातली फाइल कुठेही जात नाही. बंगळुरूच्या व्हाइटफील्डमधल्या फ्लॅटमधून भाची सांगलीच्या आत्याला लग्नाचे फोटो पाठवते. पडद्यावरची पट्टी डावीकडून उजवीकडे सरकते, 'पाठवले' असं दिसतं, आणि तरीही भाचीच्या लॅपटॉपमधली एकही खूण जागची हललेली नसते. निघून गेलेलं असतं ते फक्त वर्णन: या जागी शून्य, त्या जागी एक, पुढच्या जागी पुन्हा एक. ते वर्णन वाचून सांगलीतला फोन स्वतःच्या मेमरीत तेच फोटो नव्याने रचतो. कोट्यवधी खुणांची रचना सहाएकशे किलोमीटर दूर, काही मिनिटांत, एकही खूण न चुकता पुन्हा उभी राहते. मला ही गोष्ट अचाट वाटते, आणि तिच्याशी कितीही परिचय झाला तरी अचाटच वाटत राहते.

ती रचना बिघडली की सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य येतं, "फाइल जात नाहीये." पण या एका वाक्यात तीन निरनिराळ्या तक्रारी राहतात. फाइल इकडून निघालीच नाही, ही एक. निघाली, पण पूर्ण पोहोचली नाही, ही दुसरी. आणि आत्या म्हणते ना, "अगं, आली गं, पण उघडत नाहीये," ती तिसरी. प्रत्येकीची खूण वेगळी, कारण वेगळं, उपायही वेगळा. ती खूण ओळखता आली, की अडलेली फाइल बहुतेक वेळा स्वतःच सांगते ती कुठे अडली आहे.

बंगळुरूत एके काळी फाइल खरोखर जात असे. चुंबकीय फितीवर नोंदवलेली माहिती पेटीत बंद होऊन विमानाने परदेशी निघायची, कस्टममध्ये थांबायची, आणि काही दिवसांनी पोहोचायची. १९८५ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने बंगळुरूत आपलं चिप-रचनेचं केंद्र उघडलं तेव्हा हे बदललं. चिपचे आराखडे रोजच्या रोज समुद्रापार पोहोचायला हवे होते, म्हणून उपग्रहाशी थेट बोलणारं भूकेंद्र उभारलं गेलं. त्याची डिश बैलगाडीतून नेली होती. त्याआधी चारच वर्षं, १९८१ मध्ये, बंगळुरूतच घडवलेला इस्रोचा 'ॲपल' हा दळणवळण उपग्रह अँटेनाच्या चाचणीसाठी बैलगाडीवर ठेवला गेला होता. तिथे बैलगाडी गरिबीपोटी आलेली नव्हती. धातूच्या वाहनाने रेडिओलहरींमध्ये ढवळाढवळ केली असती, लाकडाने केली नाही. जागेवर सापडलेलं ते नेमकं उत्तर होतं, आणि इतकं सरळ उत्तर सुचायला मोठी बुद्धी लागते.

त्या काळी उपग्रहावरून मिळणारी समर्पित जोडणी साधारण सेकंदाला ६४ हजार बिट या वेगाची असे. दहा लाख बाइटची फाइल म्हणजे ८० लाख बिट, म्हणजे तिला दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ. त्याच काळात टेलिफोनच्या तारेवर सेकंदाला ९,६०० बिटने बोलणाऱ्या मोडेमला याच फाइलसाठी जवळजवळ चौदा मिनिटं लागली असती. एका बाइटचे आठ बिट, हा हिशेब आजही अनेकांची झोप उडवतो. इंटरनेट विकणारा सांगतो '४० एमबीपीएस', ते मेगाबिट असतात. फाइलचा आकार दिसतो तो मेगाबाइटमध्ये. म्हणजे चाळीसच्या जोडणीवर सगळं सुरळीत असताना सेकंदाला पाच मेगाबाइटच जातील. "आमचं नेट स्लो आहे" या तक्रारींपैकी कितीतरी या आठच्या भागाकारात विरघळतात.

वर्णन जातं म्हणजे कसं जातं? ते एकसंध जात नाही. चार मेगाबाइटच्या एका फोटोचे सुमारे दोन हजार सातशे तुकडे होतात, प्रत्येक जास्तीत जास्त दीड हजार बाइटचा. हे तुकडे सुट्या पानांच्या पोथीसारखे असतात. शिवण नाही, बांधणी नाही, पण प्रत्येक पानावर क्रमांक आहे, म्हणून पानं विस्कटली तरी पोथी पुन्हा लावता येते. तुकडे वाटेत एकमेकांना ओलांडतात, कधी वेगळ्या मार्गाने जातात, आणि काही चक्क हरवतात. हरवणं हा अपघात समजला जात नाही. वाटेतल्या एखाद्या यंत्राकडे गर्दी झाली, की ते नव्याने आलेला तुकडा सरळ टाकून देतं, कोणालाही न कळवता.

मग फाइल पूर्ण पोहोचते कशी? व्हिंट सर्फ आणि रॉबर्ट कान यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या कल्पनेत याचं उत्तर आहे. मधल्या वाटेने कसलीच हमी द्यायची नाही, हमी दोन टोकांनी एकमेकांना द्यायची. सांगलीचा फोन सारखा उलट निरोप पाठवत असतो: इथपर्यंतचं मिळालं, इथपर्यंतचं मिळालं. ठरावीक वेळात पोच आली नाही, की पाठवणारं यंत्र तेवढाच तुकडा पुन्हा पाठवतं. भाचीला वाटतं ती फोटो पाठवते आहे. खरं तर दोन यंत्रं सतत बोलत असतात, आणि त्या बोलण्यातली निम्मी बाजू ऐकणाऱ्याची असते. पलीकडून उत्तर येणं हाच पाठवण्याचा अर्धा भाग आहे. काही बिघाड या उत्तराच्या वाटेवरही सापडतात.

हे उत्तर उशिरा आलं तर काय होतं, याचा धडा ऑक्टोबर १९८६ मध्ये मिळाला. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात अंतर जेमतेम चारशे यार्डांचं, चालत पाच मिनिटांचं. त्यांच्यामधल्या जोडणीचा वेग एकाएकी सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर कोसळला. तार तुटली नव्हती, यंत्र बिघडलं नव्हतं. पोच वेळेत न आल्यामुळे प्रत्येक संगणक तेच तुकडे पुन्हा पाठवत होता, त्यामुळे गर्दी वाढत होती, गर्दीमुळे पोच आणखी उशिरा येत होती, आणि म्हणून आणखी प्रती निघत होत्या. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरल्स यांनी यावर काढलेला तोडगा १९८८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात जबरदस्ती अजिबात नाही. प्रत्येक यंत्राने हळू सुरुवात करायची, पोच येत राहिली तर वेग वाढवायचा, तुकडा हरवला तर लगेच हात आखडता घ्यायचा. कोणी वाहतूक-हवालदार नेमलेला नाही, तरी कोट्यवधी अनोळखी यंत्रं हा संयम पाळतात, आणि त्यावरच इंटरनेट आजवर टिकलं आहे.

भाचीच्या घरात याचा परिणाम रोज दिसतो. वायफायचा राउटर दोन भिंतींपलीकडे असेल तर हवेतच तुकडे बिघडतात. वायफाय ते स्वतः पुन्हा पाठवून बघतं, पण त्यातून सुटलेलं नुकसान वरच्या यंत्रणेला पुष्कळदा गर्दीच वाटतं आणि ती वेग कमी करते. म्हणून लॅपटॉप उचलून राउटरजवळ नेला, की फरक अपेक्षेपेक्षा फार मोठा पडतो. आणि अडकलेली फाइल रद्द न करता 'पाठवा' हे बटण पुन्हापुन्हा दाबणं म्हणजे १९८६ ची ती गर्दी आपल्याच घरात भरवणं.

मोबाइलवर आणखी एक मर्यादा असते. समोरचा टॉवर कित्येक वॅट शक्तीने बोलतो. हातातला फोन बोलतो तो साधारण पाव वॅटहूनही कमी शक्तीने, कारण त्याची बॅटरी लहान असते आणि तो आपल्या अंगाजवळ असतो. घेणं सोपं आणि देणं जड, याचं एक कारण इतकं शारीरिक आहे. पट्टी नव्याण्णव टक्क्यांवर थांबते तेव्हाही घाबरून खिडकी बंद करू नये. ती पट्टी बहुधा 'माझ्याकडून इतकं सुपूर्द झालं' एवढंच मोजते. पलीकडच्या सर्व्हरने सगळं जुळवून, तपासून 'मिळालं' असं म्हणणं अजून बाकी असतं.

आता निघालीच नाही अशा फाइलकडे येऊ. इथे नवख्यांना कोड्यात टाकणारा प्रसंग ठरलेला आहे: मर्यादा २५ मेगाबाइट, फाइल २० मेगाबाइट, तरीही ई-मेल परत येतं. ई-मेल वाहून नेण्याचे नियम १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिले तेव्हा ई-मेल म्हणजे साधा रोमन मजकूर. त्या नळीतून फक्त सात बिटांची अक्षरंच सुखरूप जातील एवढीच खात्री होती. फोटो म्हणजे आठ बिटांचे बाइट, त्यांना तिथे जागा नव्हती. नॅथॅनियल बोरेनस्टीन आणि नेड फ्रीड यांनी नळी न बदलता वाट काढली. तीन बाइट घ्यायचे, त्यांचे २४ बिट सहा-सहाच्या चार गटांत वाटायचे, आणि प्रत्येक गटासाठी ६४ साध्या चिन्हांपैकी एक लिहायचं. फोटो मग अक्षरांचा लांबलचक मजकूर बनून जातो आणि पलीकडे पुन्हा फोटो होतो. ११ मार्च १९९२ रोजी बोरेनस्टीन यांनी अशी जोडपत्रं पाठवली: आपल्या चौघांच्या गानवृंदाचा फोटो आणि त्यांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण. तीनाचे चार झाल्यामुळे वजन मात्र एक तृतीयांशाने वाढतं. २० मेगाबाइटचे पावणेसत्तावीस होतात, आणि सर्व्हर त्या वाढलेल्या वजनावर बोट ठेवतो.

परत आलेल्या अशा ई-मेलमधला मजकूर लोक न वाचता पुसून टाकतात, याचं मला खरंच वाईट वाटतं. त्यात तीन अंकी क्रमांक असतो आणि तो फार प्रामाणिक असतो. पहिला अंक ४ असेल तर अडचण तात्पुरती आहे, सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करेल, काही करू नका. ५ असेल तर नकार कायमचा आहे, बदल तुम्हालाच करायला हवा. ५५० म्हणजे बहुतेक वेळा पत्ताच चुकला, ५५२ म्हणजे आकार किंवा जागा पुरली नाही. कोण थांबवतं आहे आणि का, हे त्या तीन आकड्यांत लिहिलेलं असतं.

दुसरं कोडं पेनड्राइव्हचं. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह पूर्ण रिकामा आहे, लग्नाचा व्हिडिओ पाच जीबीचा आहे, आणि संगणक म्हणतो, फाइल फार मोठी आहे. अनेक पेनड्राइव्ह 'फॅट ३२' नावाच्या पद्धतीने मांडलेले असतात. त्या पद्धतीत प्रत्येक फाइलचा आकार ३२ बिटांत लिहायचा असतो, आणि ३२ बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या आहे ४,२९,४९,६७,२९५. त्यापुढचा आकार लिहिताच येत नाही, म्हणून फाइल ठेवता येत नाही. पेनड्राइव्ह 'एक्सफॅट' पद्धतीने नव्याने फॉरमॅट केला की अडथळा संपतो, मात्र त्याआधी त्यातलं सगळं दुसरीकडे काढून ठेवायला हवं, कारण फॉरमॅट सगळं पुसतो.

हीच संख्या एका अगदी वेगळ्या ठिकाणी पुन्हा आडवी येते, आणि ते पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी थक्क झालो. इंटरनेटवरचा जुना पत्तासुद्धा ३२ बिटांचाच आहे. जगभर मिळून पत्ते जेमतेम ४२९ कोटी, आणि यंत्रं त्याहून कितीतरी जास्त. म्हणून एका सार्वजनिक पत्त्यामागे आख्खं घर, कधी आख्खी वस्ती लपवली जाते. व्हाइटफील्डमधला लॅपटॉप बाहेर बोलू शकतो, पण बाहेरून त्याला थेट हाक मारता येत नाही. सांगलीतल्या फोनचंही तेच. दोघेही बोलायला तयार, पण पहिली हाक कोणीच मारू शकत नाही. फाइल थेट देणारी ॲप कधी चालतात, कधी रुसतात, त्याचं मूळ पुष्कळदा इथे असतं. म्हणून मध्ये तिसरा, दोघांनाही हाक मारता येईल असा सर्व्हर लागतो. १२८ बिटांचे नवे पत्ते हळूहळू ही कोंडी सोडवत आहेत.

आणि काही वेळा न पाठवणं, उचलून नेणं, हेच शहाणपणाचं असतं. सेकंदाला दहा मेगाबिट वर चढवणाऱ्या जोडणीवरून चार टेराबाइटचं चित्रीकरण पाठवायला सदतीस दिवस लागतात. बंगळुरूहून पुण्याला रात्रीची बस सकाळी पोहोचते. २०१९ मध्ये जगाने कृष्णविवराचं पहिलं चित्र पाहिलं, त्यामागची माहितीही हार्डडिस्कच्या पेट्यांमधून विमानानेच गोळा केली होती. दक्षिण ध्रुवावरच्या डिस्क तर तिथला हिवाळा सरून विमान उतरेपर्यंत वाट बघत होत्या.

पोहोचली पण पूर्ण नाही, अशा फाइलची एक खूण झिपमध्ये दिसते. झिप फाइलची अनुक्रमणिका तिच्या शेवटी असते. नव्वद टक्के उतरलेल्या झिपमध्ये नव्वद टक्के माहिती सुखरूप असते, पण शेवटची पानं नसल्यामुळे संगणकाला आत काय कुठे आहे हे कळत नाही, आणि तो सगळीच फाइल नाकारतो. दोन्हीकडचा आकार बाइटमध्ये जुळवून बघितला की शंका मिटते. झिपची सुरुवातही पाहण्यासारखी आहे. पहिले दोन बाइट म्हणजे 'पी' आणि 'के' ही रोमन अक्षरं, ही पद्धत घडवणाऱ्या फिल कॅट्झ यांची आद्याक्षरं. वर्डची आजची डॉक्एक्स फाइल उघडून पाहिली तर तिथेही तेच पी, के, कारण ती आतून झिपच आहे. म्हणजे फाइलची जात तिच्या नावामागच्या शेपटीवर ठरत नाही, पहिल्या काही बाइटांवर ठरते. शेपटी बदलून फोटोची पीडीएफ होत नाही, आणि शेपटी गळून पडली तर ती परत लावल्यावर फाइल बहुधा जिवंत होते.

व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून पाठवलेला फोटो धूसर होतो, त्यातली तारीख-ठिकाणाची नोंदही निघून जाते, कारण तो वाटेत नव्याने आवळला जातो. तोच 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोहोचतो. मंडपातल्या फोटोंची पुढे छपाई करायची असेल तर एवढं लक्षात ठेवावंच.

पण वाटेत एखादा बिट उलटा झाला तर? हा प्रश्न १९४० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत रिचर्ड हॅमिंग यांना छळत होता. शनिवार-रविवारी सोडलेलं गणित यंत्राला चूक सापडताच टाकून दिलं जाई आणि सोमवारी हाती काहीच नसे. यंत्राला चूक झाल्याचं कळतं, तर कुठे झाली हे का कळू नये, असं त्यांच्या मनात आलं. १९५० मध्ये त्यांनी दाखवून दिलं की चार बिटांना विचारपूर्वक निवडलेले तीन तपासणी-बिट जोडले, तर सातांपैकी कोणताही एक उलटला तरी नेमका कोणता उलटला ते सांगता येतं. सांगता येतं म्हणजे दुरुस्तही करता येतं, पाठवणाऱ्याला न विचारता.

दहा वर्षांनी या कल्पनेला एका भारतीयाचा हात लागला. होशंगाबादला जन्मलेले, कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत घडलेले राजचंद्र बोस आणि त्यांचे विद्यार्थी द्विजेंद्रकुमार रायचौधुरी यांनी १९६० मध्ये एकाहून अधिक चुका दुरुस्त करणारी संकेतपद्धती प्रसिद्ध केली. फ्रान्सच्या होकेंगेम यांनी आदल्याच वर्षी स्वतंत्रपणे ती शोधली होती, म्हणून तिघांच्या आद्याक्षरांवरून ती 'बीसीएच' म्हणून ओळखली जाते. रीड आणि सॉलोमन यांची जवळच्या नात्यातली पद्धतही १९६० चीच. आज बंगळुरूत शहाळेवाल्याच्या गाडीवर चिकटवलेला यूपीआयचा क्यूआर कोड उन्हापावसाने फाटलेला असतो, एक कोपरा पुसलेला असतो, आणि फोन तरीही तो वाचतो. त्या चौकोनातली मूळ माहिती रीड-सॉलोमनने सावरलेली असते, आणि तो चौकोन कसा वाचायचा हे सांगणारे पंधरा बिट बीसीएचने. सर्वांत भक्कम प्रकारात तीस टक्क्यांपर्यंत नुकसान भरून निघतं. बोस यांचं गणित रोज कोट्यवधी वेळा चहा-भाजीचे पैसे पोहोचवतं, आणि त्यांचं नाव किती थोड्यांना ठाऊक आहे!

याच गणिताचं भव्य रूप पाहायचं तर बंगळुरूपासून चाळीसेक किलोमीटरवर ब्यालालू गावी जावं लागेल. चंद्रयान-१ साठी २००८ मध्ये इस्रोने तिथे ३२ मीटर व्यासाची अँटेना उभी केली. शहराचा रेडिओ-गोंगाट अडावा म्हणून जागाही बशीसारखी, भोवतीने उंचवटा असलेली निवडली. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत शिरलं तेव्हा ते सुमारे २२ कोटी ४० लाख किलोमीटरवर होतं आणि त्याचा निरोप यायला साडेबारा मिनिटं लागत होती. 'तुकडा मिळाला नाही, पुन्हा पाठव' असं म्हणून नवा तुकडा येईपर्यंत पंचवीस मिनिटं. सांगली-बंगळुरूमध्ये सेकंदाच्या छोट्या अंशात होणारं बोलणं इथे शक्यच नाही. म्हणून इंजिन पेटवण्याच्या आज्ञा कित्येक दिवस आधी यानात चढवून, नीट चढल्या का ते तपासून ठेवल्या होत्या. म्हणून अशा यानांची माहिती येते ती चूक दुरुस्त करण्याचं साहित्य सोबत बांधूनच येते. उत्तर वेळेवर मिळणार नसेल, तर ऐकणाऱ्याला लागू शकेल ते सगळं आधीच सोबत द्यायचं.

हे सूत्र मराठी फाइलींना विलक्षण लागू पडतं. आत्याला आलेला मजकूर उघडतो, पण अक्षरांऐवजी भलतंच दिसतं. काय दिसतं ते नीट पाहावं. आजच्या युनिकोड मजकुरात 'म' हे अक्षर तीन बाइटांत लिहिलं जातं: २२४, १६४, १७४. देवनागरीच्या प्रत्येक अक्षराचा पहिला बाइट २२४ च असतो. वाचणाऱ्या ॲपने हे तीन बाइट तीन स्वतंत्र युरोपीय चिन्हं समजून वाचले, तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', मग चार मिशा फुटलेलं वर्तुळ, मग नोंदणीकृत मालाचं वर्तुळातलं 'आर' असं दिसतं. तो रेघवाला 'ए' पानभर दर दोन चिन्हांनंतर दिसत असेल तर आनंद माना. फाइल शंभर टक्के सुखरूप आहे, फक्त वाचणारा चुकतो आहे. त्याला 'यूटीएफ-८' म्हणून उघडायला सांगा. रिकामे चौकोन दिसत असतील तरी मजकूर शाबूत आहे, फक्त त्या यंत्रावर देवनागरी फॉन्ट नाही. ओळीने प्रश्नचिन्हं असतील तर मात्र अक्षरं वाटेत खरोखर गेली, ती प्रश्नचिन्हांतून परत येत नाहीत. मूळ फाइल पुन्हा मागवावी.

आणि चौथा प्रकार: सरळसोट रोमन अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ, रेघवाल्या 'ए'ची ती लय नाही. ही बहुधा युनिकोडच्या आधीच्या काळातली फाइल. पुण्याच्या सी-डॅकच्या सहभागातून घडलेलं 'इस्की' हे भारतीय लिप्यांचं प्रमाण १९९१ मध्ये मानक म्हणून जाहीर झालं होतं, पण छापखान्यांत रुजले ते फॉन्टवर चालणारे संच: पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी, बंगळुरूच्या सायबरस्केप मल्टीमीडियाचं आकृती. रोमन अक्षराच्या घरात देवनागरीचा आकार बसवायचा, ही त्यांची युक्ती. त्या युक्तीवर मराठी छपाईची अनेक वर्षं उभी आहेत, त्याबद्दल कृतज्ञच राहायला हवं, कारण विंडोजला देवनागरी समजू लागली तीच २००० साली. सोबत 'मंगल' हा फॉन्ट आला, आणि तो रेखाटला होता र. कृ. जोशी यांनी, आपल्या कवी-सुलेखनकाराने. मात्र जुन्या संचातली फाइल त्या फॉन्टशिवाय निरर्थक आहे. तिच्यात 'क' लिहिलेलाच नाही. लिहिलंय ते एका रोमन घराचं नाव, आणि त्या घरात कोण राहतं हे फॉन्टलाच ठाऊक.

अशा फाइली युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक आहेत, आणि त्यांचं काम दिसतं त्याहून अवघड आहे. जुन्या संचात 'कि' लिहिताना वेलांटी आधी आणि क नंतर, कारण कागदावर ती तशी दिसते. युनिकोडमध्ये क आधी, वेलांटी नंतर, कारण उच्चार तसा आहे. 'सूर्य' मधला रफार जुन्या फाइलीत य च्या पाठीमागे असतो, युनिकोडमध्ये य च्या आधी. म्हणजे परिवर्तकाला चिन्हं बदलून भागत नाही, क्रम उलटावा लागतो. त्यातून 'तऱ्हा' मधला तो मराठीचा खास ऱ युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला वेगळे. शोधून न सापडणाऱ्या मराठी फाइलींपैकी काही याच ऱ मागे दडलेल्या असतात.

१९९० च्या दशकात जुळवलेले दिवाळी अंक, कथा, स्मरणिका, घरातल्या कोणी टंकून ठेवलेल्या आठवणी आजही अशा संचांमध्ये डिस्कवर पडून आहेत. त्यासुद्धा पाठवलेल्याच फाइली आहेत, फक्त ज्याला पाठवल्या तो आणखी पन्नास वर्षांनी येणार आहे. तो 'उघडत नाहीये' असं फोन करून सांगू शकणार नाही. मंगळासाठी करतात तेच इथेही करावं लागतं: लागेल ते सगळं सोबत बांधून द्यायचं. युनिकोडमध्ये आणलेला साधा मजकूर, म्हणजे शोधता येईल. २००५ पासून प्रमाण ठरलेल्या 'पीडीएफ/ए' प्रकारातली प्रत, कारण तिच्यात फॉन्ट आतच बसवावा लागतो, त्यामुळे पान छापलं होतं तसंच दिसेल. आणि मूळ फाइल, तिच्या फॉन्टसकट, कारण परिवर्तकाने एखादा रफार चुकवला असेल तर तपासायला तीच लागेल. नुसती पीडीएफ पुरत नाही. जुन्या फॉन्टची पीडीएफ दिसते स्वच्छ मराठी, पण तिच्यातली ओळ उचलून दुसरीकडे चिकटवली की पुन्हा रोमन अक्षरंच सांडतात.